सळईला रंग लावावा का?

जालना एमआयडीसीत भट्टीत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटची सळई होते आणि ट्रक भरून बाहेर पडतात. मराठवाड्यात घर बांधणाऱ्याला ही सळई परकी नाही. तरीही तिच्याबद्दलचे काही समज एवढे चिवट आहेत की सळईच्या गावातही ते टिकून आहेत. त्यातला सगळ्यांत महाग पडणारा समज म्हणजे, गंज टाळायचा तर सळईवर काहीतरी लावलंच पाहिजे. मग कुणी रेड ऑक्साइडचा डबा आणतो, कुणी हिरव्या इपॉक्सी सळईचा भाव विचारतो, कुणी जस्ताचा मुलामा दिलेल्या.

आधी रंगाचं बघू. ऑइल पेंट किंवा रेड ऑक्साइड गेटला, ग्रिलला, शेडच्या अँगलला लावायचा असतो, कारण ते उघड्यावर राहतात. काँक्रीटमध्ये जाणाऱ्या सळईला तो लावायचाच नाही. आयएस 456 : 2000 या मानकात स्पष्ट लिहिलंय की सळईवर सुटा गंज, तेल, चिखल आणि रंग नको. सळई आणि काँक्रीट एकमेकांना धरून राहिले तरच स्लॅब काम करतो. मधे रंगाचा थर आला की ती पकड सुटते. सळईच्या टोकांना जो रंग दिसतो, तो मिलने प्रत किंवा माप ओळखायला मारलेला असतो. गंजाशी त्याचा काही संबंध नाही.

मग आत सळई वाचते कशाने? सिमेंटच्या क्षारपणाने. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो. त्या वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर आपोआप तयार होतो आणि गंज तिथेच थांबतो. फुकटचं कोटिंग म्हणा हवं तर. ते मोडतं दोनच गोष्टींनी. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि पीएच 9 च्या खाली आणतो, ही एक. दुसरी म्हणजे क्लोराइड, अर्थात मीठ. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आतून काँक्रीट फोडतो, आणि न्हाणीघराच्या छताला सळईच्या रेषेत तपकिरी चीर दिसायला लागते.

“टीएमटी आहे, गंजणार नाही” हेही सर्रास ऐकू येतं. टीएमटी ही ताकद देण्याची पद्धत आहे. लालभडक सळई रोलमधून बाहेर येताच तिच्यावर जोरात पाणी मारतात. बाहेरची कड एकदम कडक होते, गाभा गरम राहतो आणि त्याच उष्णतेने कड पुन्हा थोडी नरमते. कड मजबूत आणि आतून लवचीक, अशी ती सळई. जुन्या पीळ दिलेल्या टॉर सळईपेक्षा ती गंजाला जरा बरी, कारण तिच्यात थंडपणी पिळल्याचा ताण नसतो. पण गंजत नाही असं नव्हे. सीआरएस (गंजाला तोंड देणारं पोलाद) लिहिलेल्या सळईत तांबं, क्रोमियम असे घटक थोडे जास्त असतात. तिचा गंज मंदावतो, थांबत नाही.

साइटवर महिनाभर पडून सळईवर लालसर पूड आली म्हणून ट्रक परत पाठवू नका. हलक्या गंजाने पकड बिघडत नाही. पोपडे सुटत असतील तर वायर ब्रशने घासा आणि एक तुकडा वजन करून बघा. 12 मिमी सळई मीटरला 0.888 किलो भरायला हवी, म्हणजे 12 मीटरची एक सळई साधारण 10.66 किलो. आयएस 1786 मध्ये या मापाला वजनात 5 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. त्याच्या खाली गेली तर दोष गंजाचा की मिलचा, हे विचारायची वेळ आली.

आता हिरवी इपॉक्सी सळई. ती ब्रशने रंगवलेली नसते. सळई आधी छर्रे मारून साफ करतात, सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापवतात आणि वर इपॉक्सीची पूड फवारतात. पूड वितळून साधारण पाव मिलिमीटरचा थर बसतो. कारखान्यात तो छान दिसतो. खरी परीक्षा साइटवर होते. फिटर सळई वाकवतो, कापतो, साध्या बाइंडिंग वायरने आवळतो, वरून गवंडी चालतात. जिथे ओरखडा पडतो तिथे गंजाला जागा मिळते आणि तो थराखाली पसरतो. कापलेलं प्रत्येक टोक, प्रत्येक ओरखडा पुन्हा भरून काढायला हवा. किती साइटवर दुरुस्तीच्या इपॉक्सीचा डबा उघडला जातो? अमेरिकेत फ्लोरिडाच्या बेटांना जोडणारे पूल 1980 च्या आसपास याच सळईने बांधले आणि 1986 मध्येच काही खांबांत गंज सापडला. शिवाय थर गुळगुळीत असल्याने पकड कमी होते, म्हणून जोडाची लांबी वाढवावी लागते.

जस्ताची गोष्ट वेगळी. सिमेंट जस्त खाऊन टाकतं, हा समज अर्धाच खरा. ओल्या काँक्रीटमध्ये जस्ताची थोडी झीज होते, मग त्यावर संरक्षक थर बसतो आणि झीज थांबते. मुख्य फायदा असा की ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं, लोखंड नंतर. कोकणात खाऱ्या वाऱ्यात बांधायचं असेल तर माझं मत इपॉक्सीपेक्षा जस्ताकडे झुकतं. जालन्यात दोन्हींवर पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. समुद्र इथून लांब आहे; बंदर आलं तेही ड्राय पोर्ट!

पण मीठ फक्त समुद्रातून येत नाही. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते काँक्रीटमध्ये कालवण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. आणि टँकर परवडत नाही म्हणून क्युरिंग चार दिवसांत आटोपू नका. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, कोरड्या उन्हात 10 दिवस पाणी लागतं. ते न मिळालेलं काँक्रीट सच्छिद्र राहतं आणि हवा आत शिरते.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कव्हर, सळईवरचा काँक्रीटचा थर. आडोशाच्या घरात स्लॅबला 20 मिमी (12 मिमीपर्यंतच्या सळईला 15 चालतं), कॉलमला 40, पायाला 50. कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. म्हणजे कव्हर निम्मं झालं की सळईपर्यंत पोचायला त्याला वेळ चौथाईच लागतो. सळईखाली खडीचा नाहीतर फरशीचा तुकडा सरकवून वाचवलेले कव्हर ब्लॉकचे पैसे असे फिटतात.

गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्यांचं मात्र खरंच काहीतरी करायला हवं, कारण त्या वर्षानुवर्षं पाऊस खातात. त्यांनाही पेंट नको. सिमेंटची स्लरी लावा, वरून प्लास्टिक घट्ट बांधा किंवा कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून टाका. बांधकाम सुरू करताना ते आवरण काढा, सळई घासा आणि मोजा. व्यास जाणवण्याइतका कमी झाला असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिच्यावर मजला चढवू नका.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी एक टेप घेऊन साइटवर जा आणि सळईखालची जागा स्वतः मोजा. कमी भरली तर ट्रान्झिट मिक्सर परत गेला तरी चालेल.