कामगाराचा मुलगा इंजिनियरिंग कॉलेजात जातो तेव्हा



व्यासपीठावर विद्वानांनी बसावे आणि आमच्यासारख्यांनी समोरच्या सतरंजीवर, हा रिवाज मी लहानपणापासून पाळत आलो आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते भांडुपच्या एका कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. असा माणूस इंजिनियरिंगच्या शिक्षणाविषयी काय सांगणार, अशी शंका कुणाच्या मनात आली तर ती रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच, की गेल्या तीस वर्षांत आमच्या सभासदांची पुष्कळ मुले इंजिनियरिंग कॉलेजात जाताना मी पाहिली. काही इंजिनियर होऊन बाहेर आली. काही मधूनच परतली. जी बाहेर आली त्यांचे पेढे आपण खाल्ले. जी परतली त्यांचे काय चुकले, हे मात्र कुणी विचारले नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम ही कॉलेजे कुणासाठी निघाली ते पाहू. पुण्यात १८५४ साली इंजिनियरिंगचा जो वर्ग निघाला, तो सरकारच्या बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे अधिकारी मिळावेत म्हणून. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती गिरण्यांना जाणती माणसे हवी होती म्हणून. तीच आज माटुंग्याला वीरमाता जिजाबाईंच्या नावाने उभी आहे. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली आयआयटी आली. तिचे पहिले १०० विद्यार्थी वरळीच्या तात्पुरत्या जागेत शिकू लागले, आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला पायाभरणी केली. अंधेरीचे सरदार पटेल कॉलेज १९६२ सालचे. पुढे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, आणि पाहता पाहता गावोगाव इंजिनियरिंगच्या पाट्या लागल्या.

आता आपल्या उपनगरांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी कारखान्यांची रांग. दुसऱ्या बाजूला अंधेरी आणि पुढे बोरिवलीपर्यंतच्या औद्योगिक वसाहती. आणि मधोमध पवई. विक्रोळी-कांजूरच्या चाळीतून पवईला पायीही जाता येई. परंतु त्या चाळीतला मुलगा त्या फाटकातून विद्यार्थी म्हणून क्वचितच आत गेला. बांधकामाला गेला, बागकामाला गेला, खानावळीत गेला. अंतर मैलांचे नव्हते.

हे अंतर तोडण्यासाठी काहीच झाले नाही असे मात्र नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या प्रयत्नाने १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी जागा राखून ठेवायला १९७३ साल उजाडले, आणि इतर मागासवर्गीयांना तो हक्क २००८ पासून मिळाला. म्हणजे दार उघडले, उशिरा का होईना. आपल्याकडे वाद होतो तो या दाराशीच: कोणाला घ्यावे, किती गुणांवर घ्यावे. दारातून आत गेल्यावर मुलाचे काय होते याची चर्चा फारशी होत नाही. ज्याच्या घरातून यापूर्वी कुणी कॉलेजाची पायरी चढलेले नाही, त्याला आत चार अडचणी भेटतात.

पहिली अडचण भाषेची. मराठी शाळेतल्या मुलाला त्वरण म्हणजे काय ते ठाऊक असते, जडत्व ठाऊक असते, संवेग ठाऊक असतो. कॉलेजात तीच मंडळी ॲक्सिलरेशन, इनर्शिया, मोमेंटम अशी नवी नावे घेऊन समोर येतात. मुलगा मनातल्या मनात नाव उलटवून घेतो तोवर मास्तर फळ्यावर तीन ओळी पुढे गेलेले असतात. विषय त्याला येत असतो. त्याचा वेग कमी पडतो. आणि प्रश्न विचारावा तर तोही इंग्रजीत विचारावा लागेल, म्हणून तो गप्प बसतो. गप्प बसलेल्या मुलाला आपण मठ्ठ समजतो.

दुसरी अडचण अलिखित नियमांची. कारखान्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणीतरी जुना माणूस सांगतो, या मशीनला हात लावू नकोस, त्या फोरमनशी जपून वाग, रजेचा अर्ज इथे द्यायचा. कॉलेजातही असे नियम असतात. मागच्या वर्षांचे पेपर कोणाकडे मिळतात, किती विषयांत केटी लागली तर वर्ष अडते, प्रोफेसरांना वर्गाबाहेर भेटून शंका विचारता येते, ब्रांच बदलायची तर काय करावे. इंजिनियराच्या मुलाला हे सारे घरी जेवताना कळते. फिटरच्या मुलाला ते चुकल्यावर कळते.

तिसरी अडचण पैशाची आणि जागेची. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण ती हाती उशिरा पडते. तोवर जातपडताळणीचे आणि उत्पन्नाचे दाखले घेऊन बाप अर्ध्या पगारी कचेऱ्या हिंडतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, आणि रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला. ड्रॉइंगचा कागद पसरायला तिथे जमीनही मोकळी नसते.

चौथी अडचण सर्वांना नसते. ती दलित आणि आदिवासी मुलांच्याच वाट्याला येते. नवा विद्यार्थी वसतिगृहात येतो आणि कुणीतरी सहज विचारतो, तुझी रँक किती? प्रश्न साधा दिसतो. पण रँकेवरून जात ताडता येते, आणि मग बोलण्याचा सूर बदलतो. गरिबी कालांतराने जाते, इंग्रजीही येते. हा सूर मात्र इंग्रजी सुधारल्याने जात नाही.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा जीव गेला. त्याला जातीवरून वागवले गेले असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. संस्थेच्या चौकशी समितीला तसा थेट पुरावा आढळला नाही. निवाडा देणारा मी कोण? पण त्याच वर्षी जुलैत त्याच संस्थेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या, की दुसऱ्याला त्याची प्रवेशपरीक्षेची रँक विचारणे अनुचित आहे, कारण तो जात शोधण्याचा प्रयत्न वाटू शकतो. प्रश्न खरोखरच निरुपद्रवी असता तर अशी सूचना काढण्याची गरज पडली नसती.

आता मी माझीच एक चूक सांगतो. आमच्या युनियनमध्ये एक टर्नर होता, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा. त्याच्या मुलाला बारावीला चांगले गुण पडले आणि इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. त्याला घेऊन तो माझ्याकडे आला व म्हणाला, "भाऊ, याला दोन शब्द सांगा." मी मोठ्या जाणतेपणाने सांगितले, "बाळ, कुणात मिसळू नकोस. गप्पाटप्पांत पडू नकोस. आपण बरे, आपला अभ्यास बरा." पोरगा म्हणाला, "हो काका," आणि त्याने ते तंतोतंत पाळले.

पहिल्या वर्षी त्याला चार विषयांत केटी लागली. त्यांतला एक विषय ड्रॉइंग. दुसऱ्या वर्षानंतर त्याने कॉलेज सोडले. मागाहून एकदा त्याच्या खोलीवर गेलो असता त्याच्या ड्रॉइंगचे कागद दिसले. वस्तूचा समोरून, वरून आणि बाजूने दिसणारा आकार काढायचा, एवढेच त्यात होते. त्याचा बाप अठ्ठावीस वर्षे हेच तीन आकार वाचून लोखंड कातत होता! मी विचारले, "अरे, बाबांना का नाही विचारलेस?" तो म्हणाला, "बाबांना कॉलेजातले काय येणार?" बाप म्हणाला, "भाऊ, मला वाटले ते मोठे शिक्षण, त्यात आपण काय बोलायचे?" एका खोलीत दोघे राहत होते, एकाला विद्या येत होती, दुसऱ्याला ती हवी होती, आणि तीच विद्या आहे हे दोघांनाही कुणी सांगितले नव्हते. आणि मी, ज्याने उभी हयात कामगारांना एकत्र या म्हणून सांगण्यात घालवली, त्या मीच त्या पोराला एकटा राहा म्हणून सांगितले होते.

पुढे वाचता वाचता मला अमेरिकेतली एक हकीकत सापडली. तिकडे कॅलिफोर्निया, टेक्सस या भागांत मेक्सिको आणि दक्षिणेकडील देशांतून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची मोठी वस्ती आहे. शेतमजुरी, बांधकाम, कारखाना हे त्यांतल्या पुष्कळांचे उद्योग. त्यांची मुले इंजिनियरिंगला जातात तेव्हा घरातली पहिलीच असतात, घरची भाषा वेगळी असते, आणि 'तू इथे कसा?' हा प्रश्न त्यांनाही सोसावा लागतो. काळ्या लोकांच्या मुलांचीही तीच तऱ्हा.

बर्कली विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात युरी ट्रीसमन नावाच्या तरुण गणितज्ञाला प्रश्न पडला, की चांगले गुण मिळवून आलेली काळी मुले पहिल्या वर्षाच्या गणितात नापास का होतात? लोक कारणे देत होते: तयारी कच्ची, घरचे लक्ष नाही, जिद्द नाही, गरिबी. त्याने मुलांच्या सोबत राहून पाहिले, तेव्हा यांतले एकही कारण पुरेसे ठरले नाही. फरक दुसराच निघाला. चिनी घरांतली मुले आधी स्वतः उदाहरणे सोडवीत, मग एकत्र बसून ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत, आणि परीक्षेच्या बातम्याही एकमेकांना देत. काळी मुले मात्र नेमाने, कष्टाने आणि एकेकटी अभ्यास करीत. आपले चुकते आहे की उदाहरणच कठीण आहे, हे एकट्याला कळायला मार्ग नव्हता. ट्रीसमनने काळ्या आणि स्पॅनिशभाषक मुलांना एकत्र बसवले. दुबळ्यांची शिकवणी म्हणून नव्हे. नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे देऊन, गटाने सोडवायला लावून. निकाल पालटले, आणि पुढे टेक्सससारख्या ठिकाणीही ही पद्धत गेली. त्याच सुमारास, १९७४ साली, लॉस एंजेलिसच्या नगरपालिकेत नोकरीला असलेल्या काही स्पॅनिशभाषक इंजिनियरांनी आपली संस्था काढली, आपल्या मागून येणाऱ्या मुलांना कुणी विचारणारे असावे म्हणून. आपल्याकडेही पवईत विद्यार्थ्यांनी आंबेडकर, पेरियार, फुले यांच्या नावाने अभ्यासमंडळ चालवले आहे.

कुणी म्हणेल, तयारी नसताना आत घेतले तर मूल बुडणारच. यात गुणवत्तेचा बळी जातो. तयारीत फरक असतो हे मी नाकारीत नाही. ज्याच्या बापाने क्लासला लाखो रुपये भरले त्याची तयारी अधिक असणारच. पण तयारी म्हणजे बुद्धी नव्हे. आणि बर्कलीची मुले तर चांगले गुण घेऊन आली होती, तरी एकटी पडल्यावर बुडाली. पोहता येणाराही अनोळखी पाण्यात एकटा सोडला तर गटांगळ्या खातो. तेव्हा पाणी कुठे खोल आहे हे सांगणारा काठावर हवा.

मग आपण काय करावे? सरकारने शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी, कॉलेजांनी जातीवरून बोलणाऱ्याला वेळीच आवरावे, हे मागत राहिलेच पाहिजे, आणि ते आम्ही मागतो. पण काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. प्रत्येक वाचनालयात संध्याकाळी एक लांब टेबल इंजिनियरिंगच्या मुलांसाठी राखून ठेवावे, आणि त्यावर बोलायला मुभा असावी. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांनी आठवड्यातून एकदा पहिल्या वर्षाच्या मुलांत येऊन बसावे. निवृत्त टर्नर, फिटर, ड्राफ्ट्समन यांना सन्मानाने बोलावून ड्रॉइंग आणि वर्कशॉप त्यांच्याकडून शिकावे.

आमच्या कचेरीत असे टेबल आम्ही मांडले. फार मोठे काही घडले असे मी म्हणणार नाही. मुलेमुली येतात, भांडतात, चहा पितात, उदाहरणे सोडवतात. ड्रॉइंगला आमचा तो टर्नर बसतो. आता त्याची नोकरी संपली आहे. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने त्याला विचारले, "काका, हे बाजूचे चित्र असे का येते?" त्याने खिशातून एक कातलेला लोखंडी तुकडा काढला, तिच्यासमोर धरून फिरवला आणि म्हणाला, "आता बघ." तिला ते तेव्हाच उमगले.

त्याचा मुलगा आज एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. हात चांगला आहे. कधी कधी तो बापाला न्यायला येतो, आणि टेबलाच्या कडेला उभा राहून मुलांचे बोलणे ऐकतो. तो काही बोलत नाही. मीही त्याला काही बोलत नाही. पण माझे त्याला देणे आहे, आणि हे टेबल चालू ठेवणे हाच ते फेडण्याचा मला सुचलेला मार्ग आहे. आपापल्या वस्तीत तुम्हीही असे एक टेबल मांडावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.