शौहरच्या रक्ताची सुई

रत्नागिरीहून आरे-वारेची वळणे उतरताना डाव्या हाताला समुद्र उघडतो आणि पर्यटकांच्या गाड्या फोटोसाठी थांबतात. या मे महिन्यात आम्ही थांबलो ते सुरूच्या बनापलीकडे, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी. तिचे तिसरे बाळही तिसऱ्या महिन्यात गेले होते. कुणी नजर लागली म्हणत होते, कुणी तावीज आणून दिला होता.

तिने कपाटातून एक कागद काढला. शहरातल्या एका केंद्राने उपचार सुचवला होता : शौहरच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्या तिला टोचायच्या. शौहर कुवेतला. त्याने रजा घेऊन यायचे, आणि खर्चासाठी हापूसच्या कलमांचा एक तुकडा विकायचा, असे घरात ठरत आले होते.

“टीचर, घेऊ का या सुया?”

आम्ही विज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. म्हणून लगेच काही बोललो नाही. आधी वाचले, तज्ज्ञांना विचारले.

बहिणींनो, या उपचारामागची कल्पना वेडगळ नाही. बाळ निम्मे बापाचे असते, मग आईचे शरीर त्याला परके समजून हाकलत का नाही, हा प्रश्न पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडला. पुढे काहींना वाटले, बापाच्या पेशींची आधीच ओळख करून दिली तर आईचे शरीर बाळाला सांभाळील. १९८५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या प्रयोगात अशा सुया घेतलेल्या २२ पैकी १७ जणींचे गर्भारपण यशस्वी झाले. जगभर आशा पसरली.

पण १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. सुया घेतलेल्यांत ३६ टक्के यश, आणि नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांत ४८ टक्के! २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी संशोधनाबाहेर हा उपचार थांबवला. युरोपातल्या तज्ज्ञांची संस्थाही तो करू नये असेच सांगते. मग “अमकीला गुण आला” हे खोटे का? खोटे नाही. तीन गर्भपातांनंतरही निम्म्याहून अधिक जणींना पुढच्या वेळी काही न करता मूल होते. श्रेय मात्र सुईला मिळते.

आता खरी गोष्ट. काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात की त्यांच्यामुळे रक्त गोठू लागते आणि वार नीट काम करत नाही. याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. हा आजार विलायती नाही. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे; तिथे वारंवार गर्भपात होणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रियांवर याच विषयाचे संशोधन झाले आहे. तपासणी रक्ताची, पण एकदा करून भागत नाही. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानेही ती प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात. दोन्ही वेळा आढळली तर उपाय आहे : कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने. त्याच सेंट मेरीजमध्ये १९९७ साली ९० स्त्रियांवर चाचणी झाली. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने ४२ टक्के, दोन्ही मिळून दिल्यावर ७१ टक्के जणींच्या कुशीत जिवंत मूल आले. अर्थात ही औषधे आजार सिद्ध झालेल्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेजारणीची चिठ्ठी दाखवून आणायची नव्हेत.

इथे सासूबाईंनी विचारले, “हेपॅरिन कशाचे करतात?” प्रश्न रास्त होता, आणि लपवण्यात अर्थ नव्हता. ते बहुतेक डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते. घरात शांतता पसरली. दुसरा तितकाच भरवशाचा पर्याय नसेल तर मजबुरीत अशा औषधाची मुभा अनेक उलमा देतात, एवढे आम्ही सांगितले, आणि आपल्या मौलानांना डॉक्टरांच्या कागदासह भेटा म्हटले. सासूबाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. मौलानांनी आधी विचारले, “आजार नक्की झाला आहे का?” आम्हाला हा प्रश्न फार आवडला.

पहिल्या तपासणीत प्रतिपिंडे आढळली आहेत. दुसऱ्या तपासणीपर्यंत दिवस राहू देऊ नका, असे डॉक्टर म्हणाले. ती तारीख सासूबाईंनी कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवली आहे. शौहरने तिकीट काढलेले नाही. कलमांचा सौदा थांबला आहे.