कूलरचं बिल स्कूटरच्या नावावर

आज लाईट बिलाबद्दल बोलू. घरातलं मागचं बिल सापडलं तर काढून जवळ घ्या, नाही सापडलं तरी हरकत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीला कॉलेजला जायला इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. थोडे पैसे घरचे, थोडं गटाचं कर्ज. स्कूटर फेब्रुवारीच्या शेवटी आली आणि एप्रिलचं बिल हजार रुपयांनी वाढून आलं. घरात एकच गोंधळ. "ही गाडी लाईट खाते, विकून टाका, पोरगी एसटीनं जाईल," असं ठरायला आलं होतं. ताई बैठकीत बिल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कर्ज तर फेडीन, पण आधी सांगा, ही गाडी खरंच एवढी खाते का?

तेव्हा आम्ही हिशोबाला बसलो. तो हिशोब आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट झालं. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली, तरी एकच युनिट. म्हणजे वस्तूच्या पाठीवर लिहिलेले वॅट आणि ती चालते ते तास, या दोन्हींचा गुणाकार करायचा आणि हजारानं भागायचं. एवढंच गणित आहे. आपल्या लेकरांना पाचवीतच येतं.

आवाजावरून मात्र अंदाज बांधू नका. मिक्सर केवढा ओरडतो! पण 500 वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं फिरवला तर महिन्याचे अडीच युनिट होतात. उलट पाण्यात सोडलेला हीटरचा रॉड अगदी गुपचूप बसतो. एक बादली पाणी अंघोळीजोगं तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. घरात पाच माणसं असली तर हिवाळ्यात महिन्याचे सत्तरेक युनिट नुसत्या अंघोळीला जातात. जी वस्तू तापवते ती जास्त घेते, आणि जी तासन्‌तास चालते तीही. जुना पंखा 75 वॅटचा असतो, बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिट. नवीन बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, त्याचे 11 युनिट होतात. नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज आठ तास लावला तरी महिन्याचे दोनच युनिट. म्हणून बल्ब बंद करण्यावरून सुनेला बोलणं सोडा, पंख्याकडे बघा.

आता दर. हा भाग नीट ऐका, कारण ताईंच्या घरचा गोंधळ इथेच झाला होता. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत असतात: 1 ते 100, मग 101 ते 300, मग 301 ते 500, आणि त्यापुढे. आम्ही 2024-25 चे दर धरले. तेव्हा वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभरात युनिटला 5 रुपये 88 पैसे पडायचे, आणि 101 व्या युनिटापासून 11 रुपये 46 पैसे. जवळपास दुप्पट! त्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक कमीजास्त होतो. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या बिलावर छापलेलेच धरा.

बऱ्याच जणींना वाटतं की शंभराच्या वर एक युनिट गेला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. 130 युनिट झाले तर पहिल्या शंभराला खालचाच दर, फक्त वरच्या तीसला महाग दर.

ताईंच्या घरी फेब्रुवारीत 85 युनिट होते, एप्रिलमध्ये 168. वाढले 83. आम्ही एका रविवारी दुपारी कूलर बंद ठेवून पाहिलं. स्कूटरची बॅटरी उतरलेली होती. प्लग लावताना मीटरचं रीडिंग लिहिलं, पूर्ण चार्ज झाल्यावर परत लिहिलं. घरातला पंखा आणि फ्रीज धरून तीनाच्या थोडे वर युनिट झाले. तेवढ्यावर गाडी नव्वद किलोमीटर चालते. मुलीचं कॉलेज, क्लास, बाजार सगळं मिळून महिन्याला 600 किलोमीटर होतं. म्हणजे स्कूटरचे महिन्याचे युनिट झाले फार तर वीस.

मग बाकीचे साठ कुठे गेले? कूलर! 200 वॅटचा कूलर, रोज दहा तास, महिन्याला बरोबर साठ युनिट. मार्चमध्ये ऊन तापलं, अडगळीतून कूलर बाहेर आला, आणि त्याच महिन्यात दारात नवी स्कूटरही उभी होती. नवी वस्तू डोळ्यावर येते, कूलर दरवर्षीचा म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही. आपल्या परभणीच्या उन्हात कूलर बंद ठेवा असं आम्ही सांगणार नाही. चाळीसच्या वर पारा गेला की लेकरं आणि म्हातारी माणसं झोपायची कशी? फक्त खिडकी थोडी उघडी ठेवा, वाळा किंवा पॅड धुऊन घ्या. कोंडलेल्या खोलीत कूलर कितीही चालवला तरी नुसता दमटपणा वाढतो.

स्कूटरचे वीसच्या वीस युनिट महाग टप्प्यात धरले, वर शुल्क लावलं, तरी झाले 266 रुपये. पेट्रोलची स्कूटर असती तर? लिटरला 45 किलोमीटर धरले तरी 600 किलोमीटरला तेरा लिटरच्या वर पेट्रोल लागतं. 105 रुपये भाव धरला तर चौदाशे रुपये. आपल्याकडे पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग मिळणाऱ्या ठिकाणांत गणलं जातं. सप्टेंबर 2018 मध्ये परभणीत पेट्रोल नव्वदीपार गेलं तेव्हा देशभरच्या बातम्यांत आपलं नाव आलं होतं. मनमाडच्या डेपोतून टँकर इतक्या लांब येतात, त्याचं भाडं भावात चढतं.

तरीही 266 रुपये घरात का खुपले? कारण आधी मुलीला भाऊ मोटारसायकलवर सोडायचा नि आणायचा. ते पेट्रोल बापाच्या खिशातून जायचं, रोज थोडं थोडं, आणि कुठल्याच वहीत लिहिलं जायचं नाही. लाईट बिल मात्र ताई भरतात, तेही दूध आणि शिलाईच्या पैशांतून. पेट्रोलचा खर्च एका खिशातून सुटला आणि चार्जिंगचा दुसऱ्या पदराला बांधला गेला. आम्ही ताईंना एवढंच सुचवलं की वाचलेल्या पेट्रोलमधले तीनशे रुपये दर महिन्याला बिलासाठी मागून घ्या. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. मे महिन्यात मिळाले. स्कूटर घरातच आहे.

इलेक्ट्रिक कारचं गणित मोठं आहे. लहान कारला शंभर किलोमीटरला तेरा-चौदा युनिट लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरली की 140 युनिट वाढले, म्हणजे घर थेट वरच्या टप्प्यात. घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, पण कारचा चार्जर तीन किलोवॅटच्या वर ओढतो. बिलावर मंजूर भार बघा. तो एक किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या. स्कूटर असो की कार, अर्थिंग तपासल्याशिवाय आणि बारीक वायरच्या लांब बोर्डावरून चार्जिंग करू नका. घेताना बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि नवी बॅटरी केवढ्याला, हे लिहून घ्या. गटाचं कर्ज संपायच्या आत वॉरंटी संपत असेल तर दहा वेळा विचार करा.

घरी शिलाई किंवा घरघंटी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात सोय आहे: घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटांच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा 3600 च्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. कुणी धंद्याचं मीटर घ्या म्हणून घाबरवलं तर हा नियम विचारा.

आणि रीडिंग स्वतः लिहीत जा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंग घेणं थांबलं होतं, बिलं सरासरीनं आली, आणि जूनमध्ये सगळ्या महिन्यांचे युनिट एकदम आल्यावर राज्यभर ओरड झाली. असं झालं की ते युनिट जितक्या महिन्यांचे असतील तितक्या महिन्यांत वाटून टप्पे लावायला हवेत, तीन महिन्यांचे असतील तर खालच्या दराचे 100 नव्हे, 300 युनिट मिळायला हवेत. बिलावर ते दिसलं नाही तर बिल आणि मीटरचा फोटो घेऊन महावितरणच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. आमच्या गटात आता बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीचं रीडिंग लिहितात, दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी.