दवाखान्यात मोबाईलवरून बिनतारी छपाई
आपल्या कारागिरांसाठी जबाबदारीचा धंदा

आपल्या जिल्ह्यात वैद्यकीय सेवेचा पसारा मोठा आहे. लोणीचे प्रवरा रुग्णालय, विळद घाटातील रुग्णालय, नगर शहरातील जुने बूथ हॉस्पिटल, आरोळे दांपत्याने १९७० साली जामखेडला सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्याखेरीज तालुक्याच्या गावोगावी दोन-चार खोल्यांचे दवाखाने आणि रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब आहेत. तेथील अनेक डॉक्टर आता औषधांची चिठ्ठी मोबाईलवर किंवा टॅबलेटवर लिहितात. पण कागद संपलेला नाही. पाथर्डी-पारनेरच्या खेड्यातून आलेल्या रुग्णाला चिठ्ठी हातात हवी असते, औषध दुकानदारालाही ती पाहावी लागते. म्हणून तार न जोडता मोबाईलवरून थेट प्रिंटरवर छापण्याची सोय दवाखान्यांना लागते.

हे काम पुण्या-मुंबईच्या कंपनीनेच करावे असे काही नाही. झेरॉक्स, टायपिंग, मोबाईल दुरुस्ती किंवा कार्ट्रिज भरण्याचा व्यवसाय करणारे आपले तरुण ते सहज शिकू शकतात. मात्र येथे छापला जाणारा कागद म्हणजे लग्नपत्रिका नव्हे. ती एका माणसाच्या आजाराची हकीगत आहे, म्हणजेच अमानत आहे. प्रिंट निघाली की काम झाले असे समजणारा कारागीर येथे कमी पडेल. योग्य कागद योग्य हातात पडतो की नाही, हे पाहणे हाच या कामाचा खरा भाग आहे.

फोनला प्रिंटर कसा सापडतो?

आयफोनमध्ये २०१० पासून एअरप्रिंट ही सोय आहे. अँड्रॉइड फोनसाठी २०१३ साली काही प्रिंटर कंपन्यांनी मिळून मोप्रिया ही संघटना स्थापन केली आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून छपाईची सोय फोनमध्येच येऊ लागली. प्रिंटर घेताना खोक्यावर ही दोन्ही नावे आहेत का, ते पाहावे. गूगलची क्लाउड प्रिंट सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तिच्यावरच अवलंबून असलेला जुना प्रिंटर कोणी स्वस्तात देऊ केला तर सावध राहावे.

छापण्याचा हुकूम दिला की फोन वाय-फायवर जणू हाक मारतो, 'येथे प्रिंटर कोण आहे?' प्रिंटर उत्तर देतो. यासाठी दोघे एकाच जाळ्यावर असावे लागतात. पुष्कळ दवाखान्यांत एक वाय-फाय कर्मचाऱ्यांचे आणि दुसरे रुग्ण-नातेवाइकांचे असते. डॉक्टरांचा फोन चुकून दुसऱ्यावर गेला की प्रिंटर 'दिसत नाही'. अशा वेळी काही जण प्रिंटरच पाहुण्यांच्या वाय-फायवर टाकून मोकळे होतात. हे कदापि करू नये, कारण मग बाहेर बाकावर बसलेल्या कोणाच्याही फोनला तो दिसू लागतो. डॉक्टरांचा फोन योग्य जाळ्यावर आणावा. राऊटरमध्ये उपकरणांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याची सोय असते. ती पाहुण्यांच्या जाळ्यावर चालू आणि कर्मचाऱ्यांच्या जाळ्यावर बंद असावी.

वीज गेल्यावर होणारा घोटाळा

आपल्याकडे वीज जाते-येते. राऊटर पुन्हा सुरू झाला की तो प्रिंटरला कधी कधी नवा आयपी पत्ता देतो आणि जुन्या पत्त्यावर शोधणाऱ्या फोनची छपाई अडते. राऊटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की ही तक्रार मिटते. लेझर प्रिंटर मात्र लहान यूपीएसवर लावू नये. शाई भाजून पक्की करणारा त्याचा भाग एकदम जास्त वीज ओढतो. यूपीएसवर राऊटर ठेवावा. पुष्कळ प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतात. जाड दगडी भिंतींतूनही हीच लहर जास्त पोचते.

जेथे एकच डॉक्टर आहेत, तेथे वाय-फाय डायरेक्टने राऊटरशिवायही काम भागते. मात्र प्रिंटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. वाय-फाय बंद पडेल त्या दिवसासाठी एक साधी केबल जवळ ठेवण्यास सांगावे.

प्रिंटर कोणता?

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. थर्मल कागदावरील अक्षरे उन्हाने व काळाने पुसट होतात, साध्या इंकजेटची शाई पाण्याने पसरते. म्हणून चिठ्ठी व रिपोर्टसाठी काळा-पांढरा लेझर प्रिंटर बरा, थर्मल केवळ पावतीपुरता.

अमानत कशी जपावी?

पहिली गोष्ट जागेची. प्रिंटर बाकांजवळ न ठेवता डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या हाताशी असावा. दोन प्रिंटर असतील तर त्यांना 'तपासणी खोली', 'लॅब' अशी स्पष्ट नावे द्यावीत, नाहीतर एकीचा गर्भारपणाचा रिपोर्ट दुसरीच्या नातेवाइकांच्या हाती पडतो. प्रत्येक पानावर नाव, वय व पान क्रमांक यावा. मोठ्या रुग्णालयात पिन टाकल्यावरच कागद बाहेर येईल असा प्रिंटर सुचवावा.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि अनेक दिवस कामकाज हाताने करावे लागले. म्हणून राऊटरमधून प्रिंटरला बाहेरची वाट उघडू नये, व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलावा आणि न लागणाऱ्या सोयी बंद कराव्यात.

तिसरी गोष्ट आपल्या दुकानांची. रुग्ण झेरॉक्स दुकानाच्या व्हॉट्‌सअॅपवर रिपोर्ट पाठवतात आणि छपाईनंतर तो दुकानदाराच्या फोनमध्ये पडून राहतो. तो त्याच वेळी पुसावा. जुन्या मोठ्या झेरॉक्स यंत्रांत हार्ड डिस्क असते, तीत छापलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात. यंत्र विकण्याआधी ती साफ करावी. खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होण्याचे ठरले आहे. आज दुर्लक्ष केलेली बाब उद्या महाग पडू शकते.

व्यवहार कसा ठेवावा?

आधी जागा पाहून लेखी अंदाजपत्रक द्यावे. प्रिंटरची किंमत, जोडणीची मजुरी आणि वर्षभराची देखभाल वेगवेगळी लिहावी. भरलेले कार्ट्रिज भरलेले म्हणूनच विकावे. ते नवे म्हणून खपवणे ही उघड फसवणूक आहे आणि त्यातून आलेला पैसा हलाल म्हणता येणार नाही. सर्व पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात डॉक्टरांच्या हवाली करावेत, स्वतःजवळ ठेवू नयेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणून ओळखत आणि त्याच भरवशावर आपला माल त्यांच्या हाती सोपवत. दवाखाना आपल्या हाती सोपवतो ती रुग्णांची गुपिते. आमच्या तरुणांनी प्रथम घरच्या राऊटरवर, दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन ही जोडणी करून पाहावी. आयपी पत्ता राखून ठेवणे आणि पाहुण्यांचे जाळे वेगळे करणे हाताखालून गेले, की मगच दवाखान्याची पायरी चढावी.