बिल नंबर ४१७

सकाळी ९:१०
करी रोडला उतरायचं, भारतमातावरून चालत परळ गाठायचं. केईएम, टाटा, वाडिया जवळजवळ असल्यामुळे या गल्ल्यांत सर्जिकल मालाची दुकानं नि ऑफिसं खच्चून भरलेली. आमचंही त्यातलंच एक. माल भिवंडीच्या गोदामात, बिलं इथे. मी हिशेब बघतो आणि 'सिस्टीम'ही बघतो. म्हणजे काही अडलं की हाक मलाच.

९:४०
कालची बिलं चाळताना ४१७ वर थांबलो. नाशिकचं हॉस्पिटल, सूट २२ टक्के. शेठ सख्ख्या भाच्यालाही २२ टक्के देणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सेल्सच्या पोराने विचारलं होतं, शेठनी उत्तरही दिलं होतं: "१२ कर." पण ते आलं ५:३५ ला. बिल ५:१० लाच सेव्ह झालं होतं.

आणि सेव्ह झालं की पुढचं सगळं आपोआप. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागला, त्यात आम्हीही सापडलो. तेव्हा ही साखळी मीच जोडली. बिलाचा तपशील सरकारी पोर्टलवर जातो, ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा सरकारी नंबर, आणि क्यूआर कोड घेऊन परत येतो. राज्यातल्या राज्यात १ लाखावरचा माल असेल तर ई-वे बिल निघतं. मग गोदामाला मेसेज, हॉस्पिटलला मेल. पूर्वी यात एका माणसाची सकाळ जायची, आता चहा गाळेपर्यंत उरकतं. फक्त शेठची मान हलते ती व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि माझ्या साखळीला व्हॉट्सअ‍ॅपचा पत्ताच नाही.

१०:०५
आयआरएन २४ तासांत रद्द करता येतो. म्हणजे आज ५:१० पर्यंत. नंतर डेबिट नोट काढा आणि नाशिकला समजावत बसा. त्यातही आधी ई-वे बिल रद्द करावं लागतं. ते चालू असेल तर पोर्टल आयआरएनला हात लावू देत नाही. आणि माल निघाला असेल तर ई-वे बिल कुठल्या तोंडाने रद्द करणार? गोदामाला फोन लावला.

"टेम्पो निघाला का रे?"

"भरून उभाय दादा. ड्रायव्हर नाश्त्याला गेलाय."

"त्याला अजून एक प्लेट पोहे खायला घाल. गाडी हलता कामा नये."

१०:४०
दोन्ही रद्द. नाशिकला माफीचा फोन. रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही, म्हणून नवं बिल ४२३ नंबरचं. सूट १२ टक्के.

१२:००
हिशेबाचे काका चष्म्यावरून बघत होते. त्यांचे वडील गिरणीत होते. "गेटपासाशिवाय गठ्ठा बाहेर पडत नसे," म्हणाले. "तू गेट बांधलंस झकास, पासाचं विसरलास." लागलं, पण खरं होतं.

२:१५
डबा आटपून तेच काम काढलं. बिलाला आता तीन अवस्था: कच्चं, मंजुरीला, मंजूर. पोर्टलची साखळी 'सेव्ह'वर सुरू व्हायची, ती 'मंजूर'वर नेली. १० टक्क्यांपर्यंतची सूट थेट मंजूर. त्यावरची असेल तर शेठच्या फोनवर दोन बटणं, हो आणि नाही. सगळीच बिलं त्यांच्याकडे धाडा, असं सेल्सवाल्यांचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. दिवसाला साठ वेळा विचारलं तर कुठलाही शेठ न वाचता 'हो' दाबेल. आणखी एक पाचर मारली: मंजुरीला गेल्यावर कुणी भाव किंवा नग बदलला, तर मागणी गळून पडते आणि बिल पुन्हा कच्चं होतं. हे केलं नाही तर बाकी सगळं फुकट.

४:००
लघुउद्योगवाल्यांची पेमेंट्स. करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायची, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी आयकरात धरतात. बँकेचं बरं आहे. फाईल मी चढवतो, ओटीपी शेठच्या फोनवर जातो. त्याशिवाय रुपया हलत नाही.

५:२०
पहिलं बिल अडकलं, १८ टक्के सुटीचं. गोदामातून फोन: "दादा, मेसेज आला नाही."

"येणार नाही. आज मंगळवार. शेठ सिद्धिविनायकाच्या रांगेत आहेत."

सेल्सचा पोरगा माझ्यावर फुगून बसला. ६:२५ ला उत्तर आलं: नाही.

६:५०
उद्या ११ तारीख, गेल्या महिन्याच्या विक्रीचा जीएसटीआर-१ भरायचा. ई-इनव्हॉइसची बिलं त्यात आपली आपण येऊन बसतात, फक्त ताडून बघायची. ४२३ पुढच्या महिन्यात भरायच्या जीएसटीआर-१ मध्ये दिसेल. ४१७ ची जागा रिकामीच राहणार. ऑडिटला सीए विचारतील, म्हणून काकांच्या वहीत तारीख, वेळ आणि कारण लिहून खाली माझी सही केली.