कानातला शंख आणि गवताचे पाते

ज्येष्ठात कुंभवलीला एका शेतकऱ्याच्या राबावर करपा आला म्हणून गेलो होतो. ओटीवर चहा घेत असताना शेजारच्या औद्योगिक वसाहतीतला भोंगा वाजला. अंगणात तीन पोरे खेळत होती. दोघांनी माना वर केल्या. तिसरा, साडेचार वर्षांचा, मातीत रेघोट्या ओढीतच राहिला. मी मागून थाळी वाजवून पाहिली, तरी तो वळला नाही.

आजी म्हणाल्या, “साहेब, याचा बाप पण उशिराच बोलला. बोलेल हळूहळू.”

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या बाबतीत थोडे वाचले आहे, ते सांगतो.

आपल्या कानात अगदी आत एक शंख असतो, गोगलगाईच्या शिंपल्यासारखा, अडीच वेढ्यांचा. त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि संदेश शिरेवाटे मेंदूकडे जातो. या पेशी जन्मतःच नसल्या किंवा आजाराने मेल्या, तर कानाचे साधे यंत्र पुरे पडत नाही. यंत्र आवाज मोठा करते. पण घेणाराच नसेल तर मोठा करून काय उपयोग? पाटाला पाणी कितीही सोडा, पुढची मोरीच बुजलेली असली तर वाफा कोरडाच राहणार.

ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधांचे दुकानदार होते, आणि बहिरे होते. गिऱ्हाइकाने हळू सांगितलेले त्यांना कळत नसे. मुलाने ते लहानपणापासून पाहिले. पुढे कानाचा सर्जन झाल्यावर चालता धंदा सोडून तो संशोधनात शिरला. विजेची बारीक तार शंखात घालून शिरेलाच संदेश द्यायचा, या कल्पनेच्या मागे तो लागला. पुष्कळ जाणकारांना ती वेडेपणाची वाटली. शिवाय तार त्या वळणातून आत जाईना. १९७७ साली समुद्रकिनारी बसला असता त्याने एक शिंपला उचलला आणि त्यात गवताचे पाते सारून पाहिले. शेंड्याला लवचिक आणि बुडाला ताठ असलेले पाते वेढ्यातून सरसर आत गेले! तारही तशीच करायची, हे तिथे ठरले. गवत आपण रोज कापतो, पण असे कोण पाहतो?

१ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नला रॉड सॉन्डर्स या अपघाताने बहिऱ्या झालेल्या गृहस्थावर शस्त्रक्रिया झाली. पुढे तपासणीत राष्ट्रगीताची चाल ऐकवली, तेव्हा तो खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला.

हे साधन आपल्याकडे यायला फार वर्षे लागली नाहीत. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. सँड्रा देसा सूझा यांनी १९८७ साली ही शस्त्रक्रिया केली. आशियात ती पहिली करण्याचा मान त्यांना दिला जातो. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. के. ई. एम. रुग्णालयात अनेक वर्षे शिकवलेल्या डॉ. मिलिंद कीर्तने यांनीही या कामात मोठी वाट पाडली; त्यांची पद्मश्री २०१४ सालची.

मात्र शस्त्रक्रिया झाली की मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागते असे नाही. बाहेरचा भाग कानामागे लावून महिनोन्‌महिने शब्द शिकवावे लागतात. ते काम आईचे, आजीचे आणि शिक्षिकेचे. मेंदू पहिल्या काही वर्षांतच आवाज ओळखायला शिकतो, म्हणून वयाला इतके महत्त्व. जन्मतः बहिऱ्या मुलांना सरकारी एडिप योजनेतून हे साधन मिळते, पण वय पाच उलटण्याआधी. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी आणि चौकशी होते. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकालाही दाखवता येते. कानात तेल, रस असले काही घालत बसू नये.

आजींना मी हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “लावणी आटोपली की नेऊ.”

हिशेब केला तर लावणी, बेणणी, मग गौरी-गणपती. पोराला पाच वर्षे दिवाळीआधीच पूर्ण होतात. मी म्हटले, “आजी, लावणीला दोन दिवस चार माणसे मी बघून देतो. तुम्ही सुनेला आणि पोराला घेऊन सोमवारी बोईसरला सकाळच्या गाडीला या.”

त्यांनी आत पाहून सुनेला हाक मारली आणि पोराचा जन्मदाखला कुठे ठेवलाय ते विचारले.