बिद्रीच्या चार मात्रा

दसरा उलटला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : साखर कारखान्यांची धुराडी पेटणार. बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं गाव. ऊसगाळप सुरू होणार, हा या वाक्याचा अर्थ इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण धुराडं काही पेटत नाही. पेटतो बॉयलर, धुराड्यातून नुसता धूर जातो. मम्मटानं अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या. शब्दाचा मूळ अर्थ तिथं बसत नाही, नव्या अर्थाचं त्याच्याशी काहीतरी नातं असतं, आणि तसं बोलण्यामागं रूढी तरी असते किंवा हेतू तरी. या मथळ्यात तिन्ही अटी पुऱ्या होतात.

आता हेच वाक्य पारावर कुणी उच्चारलं, तर ज्याचा ऊस उभा आहे त्याला ऐकू येतं : तोड कधी मिळणार? ज्याचं सोसायटीचं कर्ज थकलंय त्याला ऐकू येतं : बिल येणार, हप्ता वळता होणार. बीडकडची ऊसतोड टोळी आणायला निघालेल्या मुकादमाला वेगळंच ऐकू येतं. शब्द तेच, वाच्यार्थ तोच. मम्मटानं यासाठी सूर्य मावळल्याच्या साध्या वाक्याचं उदाहरण घेतलं आहे. ऐकणारा जसा बदलेल तसा त्यातून निघणारा अर्थ बदलतो. ही व्यंजना. त्याच्या दोनेक शतकं आधी आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त काव्याचा सगळा विचार याच सूचित अर्थावर उभा केला होता.

बिद्रीत दूधसाखर महाविद्यालय आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे. अशा गावातला मराठीचा विद्यार्थी अभिधा (मूळ अर्थ सांगणारी शब्दशक्ती), लक्षणा, व्यंजना यांच्या व्याख्या पाठ करतो, ‘टीपा लिहा’ या प्रश्नात उतरवून मोकळा होतो. उदाहरण द्यायची वेळ आली की गंगेवरची गवळ्यांची वस्ती. ते उदाहरण शास्त्रात मानाचं आहे, पण या मुलानं गंगा पाहिलेली नसते आणि धुराडं रोज पाहिलेलं असतं. संज्ञांची भीती इथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. संज्ञा आधी कानानं ओळखावी, व्याख्या मागून यावी.

कानानं संज्ञा घडवणारा एक मोठा माणूस याच जिल्ह्यात शिकवत होता. माधवराव पटवर्धन म्हणजे माधव ज्यूलियन १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसीचे प्राध्यापक होते. त्यांची ‘छंदोरचना’ पहिल्यांदा १९२७ मध्ये आली, वाढवलेली आवृत्ती १९३७ मध्ये. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठानं त्यांना या ग्रंथासाठी डी.लिट्. दिली. संस्कृतातली वृत्तं मराठीत उतरवून ते थांबले नाहीत. ओव्या, अभंग, पदं खरोखर कशी म्हटली जातात हे त्यांनी ऐकलं आणि मराठी पद्याचे तीन भाग केले. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल तर वृत्त, मात्रांचा हिशेब असेल तर जाती, आणि अक्षरसंख्येवर चालत असेल तर छंद.

हा फरक आपल्याच गावांच्या नावांवर करून पाहता येतो. ‘बिद्री’तला ‘बि’ दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरू, म्हणजे दोन मात्रांचा; लघूची एकच मात्रा. दोन अक्षरांच्या चार मात्रा झाल्या. ‘कागल’च्याही चारच. ‘बिद्री कागल’ एका दमात म्हटलं की आठ मात्रांचं एक आवर्तन पुरं होतं. माधवरावांच्या परिभाषेत हे पद्मावर्तन. पद्म आठ पाकळ्यांचं म्हणून आठ. भृंगाला पाय सहा, म्हणून सहा मात्रांचं ते भृंगावर्तन. आता ‘मुरगूड गारगोटी’ घ्या. मात्रा मोजाल तर बारा, अक्षरं मोजाल तर आठ. लहान अभंगाचा चरण आठ अक्षरांचाच असतो, आणि म्हणताना ऱ्हस्व अक्षरंही लांबवली जातात. जात्यावर बसलेल्या बाईनं मात्रा कधी मोजल्या नाहीत. तिची ओवी छंदात बसते ती या लांबवण्यामुळं.

रस या संज्ञेची चर्चा इथं करत नाही. भरताचे आठ, त्यात पुढं मिळालेला शांत, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतं. जास्त घोटाळा होतो तो ‘रूपक’ या संज्ञेत. उपमेय आणि उपमान एकच आहेत असं सांगितलं की रूपक अलंकार. संस्कृत नाट्यशास्त्रात मात्र नाटकाच्या दहा प्रकारांनाच दशरूपकं म्हणतात. आणि वि. स. खांडेकरांनी मराठीत रुजवलेली रूपककथा तिसरीच : तिच्यात वरची गोष्ट एक चालते, आतली दुसरी. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरात आले, ते शेवटपर्यंत इथलेच झाले.

प्रतिमा आणि प्रतीक यांची सरमिसळ तर समीक्षकही करतात. उसाला तुरा येतो तेव्हा रान पांढरट-रुपेरी दिसतं, वाऱ्यावर सगळं एका बाजूला झुकतं. कवीनं हे डोळ्यांपुढं उभं केलं की ती प्रतिमा. पण तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. तोड लांबली तर वजन घटतं. पाहणाऱ्याला शोभा वाटते तेव्हा मालकाच्या पोटात गोळा आलेला असतो. एखाद्या कादंबरीत हा तुरा पुन्हा पुन्हा येऊ लागला, लग्न लांबलेल्या मुलीपाशी, नोकरीची वाट पाहणाऱ्या पोराच्या नजरेत, तर तो शेतातला तुरा राहत नाही. प्रतीक होतो.

संदर्भासाठी आज साधनं आहेत. विजया राजाध्यक्षांनी संपादलेला मराठी वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांचा खंड आहे. प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके, जया दडकर आणि सदानंद भटकळ यांचा ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ आहे. दोन्हींत नोंद वाचून त्याच नोंदीला आपलं एक उदाहरण जोडायचं, अशी सवय मुलांना लावावी.

कोशानंतरही वाद उरतोच. बिद्री ज्या तालुक्यात आहे त्या कागलचे आनंद यादव. त्यांच्या ‘झोंबी’ला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकण्यासाठी बापाशी झगडणाऱ्या पोराची ही हकिकत लेखकाच्या स्वतःच्या आयुष्याची, मांडणी मात्र कादंबरीची. तिला आत्मचरित्र म्हणायचं की कादंबरी? प्रसंगांची निवड, संवाद, पोराच्या वयाची नजर राखणारी निवेदनाची भाषा, यांतलं काय आठवणीतून आलं आणि काय रचलं गेलं, हे पानापानावर तपासावं लागतं. यादवांच्याच तालुक्यातल्या वर्गात हा प्रश्न एका तासात आटोपू नये.